तांबडं फुटलंय

पाच लिटर, दहा सिलिंडर,
मिनिटाला सव्वाआठ हजार फेरे.
बेकरीवाला त्स्विक हे आकडे
पोरींच्या वाढदिवसांसारखे धडाधड सांगतो.

इर्मगार्ड ऐकून घेते.
तेलाचा फिल्टर कापून तिनं कागदावर पसरलाय;
उल्मच्या त्या गारठलेल्या गॅरेजात
घडीघडीतून काहीतरी चमकतंय.

"घरापासून भट्टी किती लांब?"
"चार किलोमीटर. रात्री तीनला निघतो. रस्ता मोकळा असतो."
"आणि तुम्ही दाबता."
तो गप्प.

ती बेअरिंगची अर्धी वाटी दिव्याखाली धरते:
नाण्याएवढी जाड, वर राखाडी मुलामा,
मधोमध झिजून
तांबडं फुटलंय.

केसाहून बारीक फट असते इथं.
गार तेल तिच्यात शिरता शिरत नाही.
ते उबेला येईस्तोवर
पायानं जरा दम धरायचा, एवढंच.
थ्रॉटलच्या मोटरींचं दुखणं नंतर बोलू.

त्स्विक वाटीवरून अंगठा फिरवतो,
भाजका, पिठाच्या भेगांचा अंगठा.
"कणीक फुगायला मी दोन तास थांबतो," म्हणतो,
"रोज."

इर्मगार्ड पाना उचलते.
अजून नऊ दांडे उघडायचेत.