सात रुपये चाळीस पैसे

महापेच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर,
एसीची हवा नेमकी माझ्या उजव्या खांद्यावर पडते.
शाल मी बारमाही ठेवते. लोक हसतात. हसू देत.

सोमवारी पतपेढीकडून एक तक्रार आली, स्कॅन केलेली.
तुर्भे गावातले निवृत्त शिक्षक, मोकल गुरुजी,
आखीव कागद, पेन्सिल:
मुद्दल तीस हजार, दर नऊ टक्के,
दिवस बोटांवर मोजले आहेत,
तुमच्याकडे एक कमी भरतो.
सात रुपये चाळीस पैसे.
रकमेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे.
खाली सही. सहीखाली रेघ.

मी कोड उघडला.
फेब्रुवारी अठ्ठाविसावर थांबवलेला,
भिंतीत खिळा ठोकावा तसा.
कुठल्या गाढवानं हे, मी म्हणाले,
शेजारच्या प्रचितीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
प्रचिती मढवी, ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातली,
या कामात सात महिने जुनी.
तिला एक खोड आहे: विचारलं की ती खरंच शोधते.
"ताई, ओळीशेजारी नाव आहे,"
एवढं बोलली
आणि मग पाणी प्यायला उठून गेली.

मंजिरी बोल्ली.
माझं माहेरचं आडनाव.
मार्च दोन हजार नऊ, रात्रीचे अकरा बावीस.
वर कॉमेंट:
तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करते.

ती मुलगी मला आठवते.
कोपरखैरण्यात तिघींत एक खोली,
संध्याकाळपर्यंत आंबून जाणारा डबा,
आणि सोलापूरला फोनवर सांगणं, सगळं येतं मला आता.
तिला वाटायचं, एकदा शिकलं की झालं,
सायकलसारखं.

त्यानंतर मी सहा भाषा शिकले, चार विसरले.
एक तर मी शिकत होते तोवरच बंद पडली.
रात्रीचे कोर्स घेतले;
पहिला धडा मला सगळ्यांचा पाठ आहे,
चौदावा एकाचाही नाही.
वह्यांची पहिली आठ पानं सुवाच्य.
गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवलं,
खाली मुलाचं चित्र होतं, ते झाकलं गेलं.
नवं वाचलं, नवं, आणखी नवं.
जुनं एकदाही वाचलं नाही,
माझ्याच हातचं होतं तरी.

पुढच्या आठवड्यात, म्हणे.
तेव्हापासून चार वेळा फेब्रुवारी लांबला.
तीन वेळा कुणी मोजलंच नाही.

दुरुस्ती एका ओळीची.
प्रचितीनं तपासण्या लिहिल्या, अकरा,
मला सुचल्या असत्या तर पाच.
राहिला 'कारण' नावाचा रकाना.
तिथं आम्ही सगळेच लिहितो: जुना कोड.
म्हणजे कुणाचाच नाही. पूर्वी नशीब म्हणायचे तसं.
मी तेच लिहिलं. पुसलं.
मग लिहिलं: मी मोजलं नव्हतं.
आणि आताचं आडनाव घातलं.

जेवताना प्रचिती सहज म्हणाली,
बाबा तीस वर्षं खाडीत होडी घालतात,
पण गाळ दर साली जागा बदलतो,
म्हणून मोसमाच्या पहिल्या फेरीला
बांबूनं तळ चाचपत जातात.
पुलावरून बघणाऱ्याला वाटतं, नवखा आहे.
मी भात कालवत राहिले.
"आणि मागच्या वर्षीची वाट?"
"ती ध्यानात ठेवतात," ती म्हणाली,
"रुततं तिथंच, म्हणतात."

रात्री घणसोलीला, ओट्यापाशी,
मुलाला मुठीवर महिने मोजायला शिकवत होते.
उंचवटा एकतीस, खळगा तीस.
दुसऱ्या खळग्यात त्याचं बोट अडलं.
"आई, इथं किती?"
ओठावर आलेलं उत्तर मी गिळलं.
"कुठलं वर्ष?" विचारलं.