अतलस

मर्गिलानच्या बाजारामागे, सायकलवाल्याच्या वर
दोन खोल्यांत मी कापड करते.
माग नाही, सूत नाही, रंगाची पिंपं नाहीत.
एक पडदा, एक पेन, आणि एक चौकोन :
एक हजार चोवीस ठिपके रुंद, तेवढाच उंच.
त्यात बाईचा अख्खा झगा बसवायचा,
पाठ इकडे, पोट तिकडे, बाह्या कोपऱ्यात,
सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखा.

गिऱ्हाईक रेसिफेचं. तिचं नाव मला माहीत नाही,
तिच्या अवताराचं माहीत आहे : लुझियारा.
उंची सव्वासहा फूट, घाम शून्य.
"चमकू दे," ती लिहिते, "पण प्लॅस्टिक नको."

पहिल्या रात्री मी खांद्यांवर पांढरं ओढलं,
कमरेवर पांढरं, मांडीवर पांढरं,
मग बोट फिरवावं तसं पुसट केलं.
सकाळी पाहिलं तर
नुकत्याच पुसलेल्या फरशीला बाह्या फुटल्या होत्या.

खाली सनोबर-खोला सूर्यफुलाच्या बिया विकते.
एकतीस वर्षं कारखान्यात कापड तपासत होती.
एका डोळ्यात आता मोतीबिंदू.
तिला वर बोलावलं, टॅबलेट पुढे केला.
ती काही बोलली नाही. सवयीनं
अंगठा आणि तर्जनी पुढे करून
कापड चिमटीत धरायला गेली,
आणि झगा मोठा झाला.
पुन्हा धरलं, पुन्हा मोठा.
शेवटी पडदाभर एकच ठिपका उरला, करडा.
"पोत कुठाय?" ती म्हणाली.

मग मला तिथेच, जिन्यात, उभ्या उभ्या :
"ही चकाकी झाली. मला तकाकी दाखव.
उभा धागा सात आडव्यांवरून मोकळा जातो,
आठव्याखाली बुडतो.
त्या सातांवर उजेड घसरतो,
आठव्यापाशी ठेच खातो.
सगळीकडून चमकतं ते भांडं.
कापड एका अंगानं हो म्हणतं, दुसऱ्या अंगानं नाही."

दुपारी ती एक तुकडा घेऊन आली,
पिवळा, जांभळा, मध्ये हिरव्याची पसरलेली कड,
आणि कोपऱ्यात शिक्का : दुय्यम.
तिनंच मारलेला, तिच्याच हातानं,
का मारला ते आता आठवत नाही म्हणाली.
मी खूप शोधलं. दोष सापडला नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर तुकडा अंथरला, चार वाजता,
थोडा चुरगळून, कारण तिकडे घडी आपोआप पडत नाही,
तीही आपणच पाडायची.
फोटो काढला. धूळ काढली. शिक्का काढला.
बगलेतली शिवण तीनदा चुकली,
जांभळा येऊन पिवळ्याला भिडायचा, चौथ्यांदा जुळली.
फक्त एक उजेडाची पट्टी, मध्ये गजाची बारीक सावली,
ती निघेना. म्हणजे निघायची,
पण ती काढली की कापड मरायचं.
राहू दिली.

तिच्या त्या जगात कायम रात्र असते, सूर्य बंद करून ठेवतात,
म्हणजे दिवे जास्त खुलतात.
तिथे लुझियारा नाचली, गिरकी घेतली, बसली,
आणि दिवा कुठेही असो,
डाव्या खांद्यावर दुपारचे चार.

तिनं लिहिलं : "खांद्यावर एक रेघ आहे. चूक आहे का?"
मी लिहिलं : "गज आहे."
उत्तर आलं नाही. पैसे आले.

सनोबर-खोलाला सांगितलं.
"मीटरला काय भाव?"
मीटर नसतो तिथे.
"धुतल्यावर रंग जातो?"
धूत नाहीत.
"किती दिवस टिकतं?"
फाटतच नाही, खोला. एकदा घेतलं की घेतलं.
तिनं एक बी दातात फोडली,
टरफल तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिली.
"मग तुम्हीही बुडालात," ती म्हणाली,
आणि मला मूठभर बिया दिल्या, न मोजता.