अर्धं खरं

शुक्रवारी सकाळी दादाचा आवाज येतो,
तीन मिनिटं चाळीस सेकंद.
सोहारच्या इस्पितळाच्या तळघरात
मशिनांच्या घरघरीत
मी तो खांद्यानं कानाशी दाबून ऐकते.
हात चादरींत असतात.

"आईच्या पाटल्या गेल्या तुझ्या एजंटच्या घशात.
नर्स व्हायला गेलीस, धोबीण झालीस.
दोनदा नापास. आता तिसऱ्यांदा काय दिवे लावणार?
तुझी पोर मला मामा म्हणत नाही हल्ली,
पप्पा म्हणते. ऐकतेस ना, सुवार्ता?
अन् तू तिकडून म्हण, प्रभूची इच्छा."

मागं मिक्सर लागतो, वहिनी म्हणते, पुरे करा आता.
मग दादा खोकतो.
बराच वेळ खोकतो.
तिथं आवाज संपतो.

उत्तर माझ्याकडं तयारच होतं.
स्वयंपाकघरावरचे पत्रे कुणी घातले?
तुझ्या मोटारसायकलीचा हप्ता कोण भरतं?
पप्पा म्हणते तर म्हणू दे, तिचा बाप
कुठल्या मातीत आहे ते तुला माहीत आहे.
बोलले. पुसलं.
परत बोलले, पहिल्यापेक्षा कडू. पुसलं.

रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला
की तो कायमचा बसतो.
हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं,
इथं कळलं, चाळीसेक चादरी वाया घालवून.
आधी गार पाणी.
मग थांबायचं.
पण इथल्या नळाला उन्हाळ्यात गार पाणी येतच नाही,
पहाटे चारलासुद्धा हात पोळतो.
म्हणून मी रात्रीच बादल्या भरून ठेवते
एसीच्या झोताखाली, ओळीनं.

मंगळवारी परीक्षा आहे.
गेल्या दोन्ही वेळी मी एकटीच बसले अभ्यासाला,
सात वर्षं वॉर्डात काढलेली बाई,
कुणाला कशाला विचारू?
ह्या वेळी शोशाम्माकडं गेले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान.
म्हटलं, मला डोसाची गणितं येत नाहीत, शिकव.
ती हसली नाही. तिनं खुर्ची सरकवली.
एवढंच वाक्य बोलायला
मला दोन नापासाचे कागद लागले.

दुपारी आम्ही चौघं मराठी
चर्चच्या पार्किंगमध्ये पत्र्याखाली जमतो.
आत मल्याळी मंडळींची वेळ असते, मग फिलिपिनो,
आमची वेळ अजून कुठल्या कागदावर नाही.
शेवगावचे आशीर्वादभाऊ चटई घालतात,
गॅरेजचं काळं त्यांच्या नखांतून जात नाही.
मी डोळे मिटले ते मागायला,
देवा, एवढी एकदा पास कर,
म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.
तोंडातून निघालं ते वेगळंच.
देवा, दादाचा खोकला.
एवढंच. पुढं शब्द आले नाहीत.
आशीर्वादभाऊंनी आमेन म्हटलं, मला वाटतं,
फार वेळ शांत राहिले म्हणून.

संध्याकाळी पाठवलं, सव्वीस सेकंद:
"दादा, पाटल्यांचं खरं आहे. मी घाई केली,
कागद न वाचता सही केली.
बाकीचं राहू दे.
छातीचा फोटो काढून घे, पैसे टाकलेत.
मंगळवारी पेपर आहे, झालं तर झालं.
आणि पोर तुला पप्पा म्हणते
तर म्हणू दे. कुणाला तरी म्हणते आहे."

शेवटच्या वाक्याला आवाज फाटला.
पुसणार होते. नाही पुसलं.

दोन निळ्या खुणा आल्या.
उत्तर नाही.
वर वॉर्डातून रात्रीची गाडी उतरली, 
चाकं कुरकुरत,
वरच्या चादरीवर ताजा डाग.
बादल्या अजून कोमट होत्या.
मी स्टूल ओढलं, गणिताची वही उघडली
आणि पाणी निवायची वाट बघत बसले.