रिटेक

आचऱ्याच्या जेटीवर रिफ्लेक्टर लागलेत.
वासंती तांडेल, कॅसेटवर नुसतीच 'वासू',
आता शनिवारी रात्री नऊला परीक्षक,
पोरांच्या गाण्यावर डोळे टिपणारी,
सरंग्याच्या कल्ल्यात बोट घालून उभी.
'शेपटीने धरा मॅडम, छान दिसेल.'
ती धरते.

तिची कॅसेट मी तीनदा पेन्सिलीने गुंडाळलीय.
बी साइड गावातसुद्धा कुणी ऐकली नाही.

टोपलीमागून भागाकाकी विचारते,
'गाणा तू सोडलंस,
की गाण्यान तुका सोडल्यान?'

माईक चालू होता.
ती हसली. मग म्हणाली, एवढं कापा.

कापलंच.
अख्खा एपिसोड पाहिला मी:
सोलकढी, जाहिराती, पुन्हा सोलकढी.
फक्त नारळ खवताना
तिचे ओठ हलतायत,
आणि वर भलतंच संगीत लावलंय.