चिमणीच्या डाव्या अंगाला

पासवर्ड विचारला, तो बोटांनीच टाकला:
माहुलच्या घराचा जुना लँडलाइन.
आता त्यावर फोन केला
तर एक बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
खेळाला मात्र अजून चालतो.

सात वर्षं.
गोदीत माझं जहाज जसंच्या तसं,
पोटात तीनशे बारा टन बर्फ,
थेंबभर वितळलेला नाही.
कुणासाठी नेत होते, आठवत नाही.
मधे बापसाच्या डायलिसिसचे मंगळवार-शुक्रवार गेले,
मग नुसतेच मंगळवार-शुक्रवार.

यादीतली बावीस नावं राखाडी.
ग्लॅडविन, शेवटचा दिसला
दोन हजार एकशे चार दिवसांपूर्वी.
ऊर्मी, त्याच्याही आधी.
आमच्या ताफ्याचा झेंडा कुणीतरी विकत घेऊन
त्यावर वटवाघूळ काढलंय.
दारं हलवलीत. जिथून उडी मारून
नऊ मिनिटांत बाजार गाठायचे
तिथे आता नुसता काळोख,
आणि तो काळोखही कुणाच्या तरी मालकीचा.

खेळ अदबीने म्हणतो, पुन्हा स्वागत.
काय करायला आवडेल?
खाणकाम. व्यापार. युद्ध. शोध.
बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात दिवसभर
मी दुसऱ्यांच्या कंटेनरांना हेच विचारते,
काय आहे, कुठून आलं, कुठे जाणार,
आणि एक रकाना रिकामा राहिला
की सिस्टिम पुढे सरकू देत नाही.

तेवढ्यात गोदीत एक पोरगं:
ताई, बाहेर पडायचं बटण कुठाय?
(ताई कशावरून, कोण जाणे.)
इचलकरंजीचा. जहाजाचं नाव सूतगिरणी नऊ.
सांगितलं. गेला. पहिल्याच दाराशी फुटला.
अंड्याएवढ्या कुपीत बसून हसत परत आला.
म्हणाला, परत दाखव.

मला तरी कुठे माहीत होतं.
जुन्या खुणांची वही उघडली,
आणि ही माझीच अक्षरं:
‘चिमणीच्या डाव्या अंगाला’.
‘बर्फ, पण वारा बघून’.
अंतराळात कसली चिमणी, कसला वारा!

बापूस जाळं टाकायचा तेव्हा
होडीत होकायंत्र नसायचं.
रिफायनरीची उंच चिमणी
तुर्भ्याच्या डोंगराच्या नाकावर आली,
आणि मागे वळून जेटीचा दिवा
खांबाआड गेला, की तीच जागा.
पाण्यावर काहीच लिहिलेलं नसायचं.
मी विचारायचे, इथेच कशावरून?
तो म्हणायचा, मान दोन्हीकडे फिरव ना.

पोराला म्हटलं, ये मागोमाग.
सतरा उड्या. अकराव्या उडीला त्याने
भाकरी खाऊन येतो म्हणून सांगितलं,
मी थांबले. खिडकीबाहेर
रिफायनरीची ज्वाला उंच झाली, खाली बसली.
आई आतून ओरडली,
कोनाशी बोलतंस इतक्या रातचा?

पोचलो. बर्फाचं रान संपलेलं,
कुणी तरी केव्हाच खरवडून नेलेलं.
पोरगं म्हणालं, इथं तर काहीच नाही की.
जहाज फिरवलं.
तांबडा सूर्य पांढऱ्याच्या बरोब्बर मागे,
कडेला केशरी रेघ, नखाएवढी.
उलट्या बाजूला ते नवं, परकं दार,
छोट्या चंद्राच्या खांद्यावर टेकलेलं.

काही नाही, म्हटलं. पण इथून मोजायचं.

नवी खूण केली. नाव सुचेना,
म्हणून सूतगिरणीच्या नऊमधला नऊ टाकला.
बर्फ अर्धा त्याला दिला.
काय करू याचं, त्याने विचारलं.
मला ठाऊक नव्हतं, तसं सांगितलं.

पावणेचार वाजले. सकाळी न्हावा शेवाचे
चौदा कंटेनर, त्यातल्या एकाचा वजनाचा घोळ.
बंद करताना खेळाने बजावलं:
जहाज गोदीत नाही, उघड्यावर आहे.
असू दे.