सर्वानुमते

बुधवारच्या बाजारात स्वराष्ट्र पक्षाची सभा.
माईक आमचा, भोंगेही आमचेच;
मागच्या हप्त्यात सत्तेवाल्यांना दिले होते,
त्याच्या आधी विरोधकांना.

खुशालराव ढोके गरजले,
"दिल्लीत सारे एक झाले!
परदेशी कापूस बिनजकात येतो,
अन् एक हात वर होत नाही!"
सरकी विकणारी अनुसया वळली,
तराजू तसाच हातात.
मलाही पटलं, खोटं कायले बोलू,
आवाज दोन घरं वाढवला.

मग ठराव. "कोणाचा विरोध?"
मागून मारोती उईके उठला,
"बंदी घाला ना भाऊ,
पण आमच्या मोहाच्या वनाचं…"

ढोक्यांनी माझ्याकडं पाहिलं.
मी बटन फिरवलं.
वहीत लिहिलं गेलं: सर्वानुमते.

रात्री भोंगे उतरवताना
शिडी मारोतीनंच धरली.
काही बोलला नाही.