गंगावेशीत, दूधकट्ट्यावर

घरीच शिकवते मी इराला.
म्हशीचं चार कप्प्यांचं पोट
तिनं शाडूत केलंय, दारात वाळतंय.

काल दूधकट्ट्यावर
पैसे मुठीत धरून ती उभी,
हळूच "एक्सक्यूज मी" म्हणत.
सात पेले तिच्या डोक्यावरून गेले.

मग महापालिका शाळेतला तौफिक,
सदऱ्याला एकच बटण,
कोपर घालून आत शिरला:
"मामा, हिचा नंबर हाय की वो!"

फेसाची मिशी न पुसताच इरानं त्याला
रवंथ समजावला, चारी कप्पे.
तो ऐकत राहिला,
शाळेची वेळ टळून गेली तरी.
त्याचा खाडा माझ्या माथी.

येताना वाटेत म्हैस आडवी.
"सरक की गं तिकडं!" इरा खेकसली.
मी काही सुधारलं नाही.